पुण्याला जायचे, पण कामाविना!

वेल्ह्याहून पुण्याला कोण जात नाही? सातबाऱ्याच्या भानगडीसाठी आपण कलेक्टर कचेरीत जातो. तारीख लागली की शिवाजीनगरच्या कोर्टात जातो. घरात कोणी आजारी पडले की ससूनला जातो आणि तिथल्या व्हरांड्यात चार-चार रात्री काढतो. पोरगा कंपनीत लागला तर त्याच्या खोलीवर तांदूळ आणि तिखट-मीठ पोचवायला जातो. आपल्या कित्येक बहिणी धुण्याभांड्याच्या कामासाठी त्याच शहरात राहिल्या आणि त्याच शहरात म्हाताऱ्या झाल्या. परंतु ‘पुणे पाहायला चाललो’ असे सांगून घराबाहेर पडलेला माणूस आम्हाला आपल्या भागात अजून क्वचितच भेटला.

याउलट रविवारी पहाटे नसरापूरच्या रस्त्याला उभे राहून पाहावे. पुण्याची मंडळी पाठीला पिशव्या बांधून मोटारसायकलींवरून तोरण्याला आणि राजगडाला चाललेली असतात. २०२४ मध्ये आपल्या तालुक्याचे नावच राजगड झाले आणि २०२५ च्या जुलैमध्ये राजगड किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता ही गर्दी वाढतच जाणार. या मंडळींना वाटेत कोणी विचारीत नाही की, बाबांनो, काय काम काढलेत? ‘पाहायला आलो’ एवढे उत्तर पुरते. मग वेल्ह्याचा माणूस पुण्यात दिसला की त्याला मात्र काम असलेच पाहिजे, असे का? हा प्रश्न दुसरे कोणी विचारायच्या आधी आपणच आपल्याला विचारतो, ही खरी अडचण आहे. आपण शहर राबण्यासाठी आणि रांगेत उभे राहण्यासाठी वापरतो. पाहण्यासाठीही ते आपले आहे, हे आपल्या मनाला अजून पटलेले नाही.

एवढ्यासाठीच आम्ही गेल्या हिवाळ्यात एक दिवस रजा टाकली आणि एकटेच पुण्याला गेलो. हातात अर्ज नाही, फाईल नाही, कोणाला भेटायचे नाही. त्या दिवसाची हकीकत आणि हिशेब वाचक बंधुभगिनींना उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

एकट्यानेच का?

सहकुटुंब जाणे चांगलेच, पण त्यात खर्च चौपट होतो आणि पाहणे बाजूला राहते. मुलाला भूक लागते, कोणाची चप्पल तुटते, आणि घरातली बाई तर दिवसभर डबा आणि पाण्याची बाटली सांभाळीत बसते. एकटा माणूस आपल्या पायाच्या गतीने चालतो. एखादी पाटी दोनदा वाचावीशी वाटली तर दोनदा वाचतो. थकला तर बसतो. कोणाची मर्जी राखावी लागत नाही.

आमच्या भगिनी म्हणतील, ‘पुरुषमाणसाचे ठीक आहे, बाईने एकटीने हिंडायचे म्हणजे गाव काय म्हणेल?’ त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, त्याच बाईला भल्या पहाटेच्या गाडीने एकटीला कामावर पाठविताना गाव काही म्हणत नाही. राबायला एकटी चालते, तर पाहायला का चालू नये?

जमाखर्च

हिशेब मांडण्याची आम्हाला पेशाने सवय आहे, म्हणून आधी पैशाचे बोलू. वेल्हे ते स्वारगेट सुमारे साठ किलोमीटर पडते. एसटीच्या साध्या गाडीला एका वेळचे शंभराच्या आसपास लागतात. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, आणि पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट. ओळखपत्र मात्र जवळ हवे. शहरात बहुतेक सगळे पायी होते. परतताना मेट्रोची गंमत केली तर थोडे पैसे, दोन ठिकाणची प्रवेश तिकिटे, दोन वेळचा चहा, एवढाच वरखर्च. भाकरी घरची न्यावी. पाचशेच्या नोटेत दिवस भागतो आणि महिलेचा त्याहून बऱ्याच कमीत होतो. तिकिटांचे दर बदलत असतात, म्हणून शंभर रुपये वेगळे बांधून ठेवावेत.

तयारी म्हणजे एवढीच: पायात घट्ट चप्पल किंवा बूट, पाण्याची बाटली, एक वही आणि पेन. मोबाईलची बॅटरी संपते, म्हणून घरचे दोन नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वारगेटला उतरल्याबरोबर चौकशीच्या खिडकीवर परतीची शेवटची गाडी विचारून घ्यावी. ती वेळ डोक्यात असली की दिवसभर जिवाला घोर राहत नाही.

कात्रजचे पाणी

सकाळच्या गाडीत कंडक्टरने ओळखीने विचारले, “काय काका, आज कोर्ट का दवाखाना?” आम्ही म्हणालो, “काही नाही, पुणे बघायला चाललोय.” त्यावर ते हसले. “बघण्यासारखं काय हाय तिथं? डोंगर आपल्याकडं, किल्लं आपल्याकडं!” गाडीतली दोन-चार माणसे वळून बघू लागली. कामाविना जाणाऱ्या माणसाकडे आपली माणसे अशी बघतात, जणू त्याने काही चोरून नेले आहे.

चेलाडीला गाडी सातारा रस्त्याला लागते आणि खेड-शिवापूर मागे टाकून कात्रजचा डोंगर ओलांडते. हा डोंगर उतरला की कात्रजचा तलाव येतो. इथूनच पुणे पाहायला सुरुवात करावी. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, या तलावाचे पाणी जमिनीखालच्या दगडी नळांतून थेट शहरात नेले गेले. ते शनिवारवाड्यात खेळले आणि शहरातल्या हौदांत उतरले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे पुण्यात अजून ऐकू येतात. बांधकाम म्हणून ती मोठीच करामत होती. पण त्या हौदांवर कोणाची घागर बुडत होती आणि कोणी लांब उभे राहून वाढप्याची वाट पाहत होते, हे कोणत्या नळाने सांगितले नाही. तो प्रश्न मनात ठेवूनच आम्ही स्वारगेटला उतरलो.

पर्वतीच्या पायऱ्या

ऊन चढायच्या आत पर्वती करावी. स्वारगेटपासून पायी अर्ध्या तासाच्या आत पायथा येतो. एकशेतीन पायऱ्या आहेत. तोरणा चढणाऱ्या माणसाला त्यांचे काय? वर गेले की सगळे पुणे पायाखाली दिसते आणि हवा स्वच्छ असेल तर नैर्ऋत्येला सिंहगडही ओळखता येतो. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने येथूनच पाहिली.

परंतु आपल्या वाचकाने या पायऱ्यांवर क्षणभर थांबावे ते दुसऱ्या कारणासाठी. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी येथे मंदिर-प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज ही मंडळी त्यात पुढे होती. सत्याग्रहींवर दगड आले, मारहाण झाली, आणि दरवाजा काही उघडला नाही. आज तुमच्या-आमच्यापैकी कोणाला त्या देवळात जाण्याची ओढ असेल वा नसेल, तो ज्याच्या त्याच्या विचाराचा प्रश्न आहे. पण एका टेकडीवर चढून शहर पाहण्यासाठीसुद्धा आपल्या आजोबा-पणजोबांना रक्त सांडावे लागले, हे त्या पायऱ्या चढताना पायांना कळते.

गंज पेठेतला हौद

पर्वती उतरून परत स्वारगेटकडे यावे आणि गंज पेठेत महात्मा फुले वाडा विचारावा. कोणीही सांगतो. तिकीट नाही. आम्ही गेलो तेव्हा एक शाळेतली सहल नुकतीच बाहेर पडली होती आणि वाडा शांत होता. कौलारू घर, ठेंगण्या खोल्या, भिंतींवर जोतिराव-सावित्रीबाईंच्या आयुष्यातले प्रसंग. आवारात जोतिरावांची समाधी. घराच्या आवारात आपल्याला मिठात घालून पुरावे अशी त्यांची इच्छा होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले, पण परवानगी मिळाली नाही. दहन झाले आणि अस्थी येथे ठेवल्या गेल्या.

आणि त्याच आवारात पाणी आहे. कात्रजपासून मनात धरलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. १८६८ मध्ये जोतिरावांनी आपल्या घरातला पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पेशव्यांनी लांबून पाणी आणले, ते शहराला पुरले. या माणसाने अंगणातले पाणी दिले, ते माणुसकीला पुरले. पुढे एकोणसाठ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. बाबासाहेब जोतिरावांना गुरू मानीत आणि आपला ‘शूद्र पूर्वी कोण होते’ हा १९४६ चा ग्रंथ त्यांनी जोतिरावांनाच अर्पण केला. गंज पेठेतला हा हौद आणि महाडचे तळे यांमधले नाते पुस्तकात कळते, पण तेथे उभे राहिले की ते दिसते.

आमच्या शेजारी एक मावशी उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी, पायांत झिजलेली चप्पल. आम्ही विचारले, “मावशी, कुठल्या?” म्हणाल्या, “मी हितलीच. पलीकडच्या गल्लीत तीस वर्षं कामाला येते. आज मालकीणबाई गावाला गेल्यात, म्हणून म्हटलं आत जाऊन बघावं.” तीस वर्षे दारावरून गेलेल्या माणसाला आत यायला मालकिणीने गावाला जावे लागले! त्यांना अक्षर लागत नव्हते. आम्ही त्यांना भिंतीवरच्या चार पाट्या वाचून दाखविल्या. मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मातंग मुलीने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला होता, हेही सांगितले. मावशी म्हणाल्या, “केवढी होती पोर?” आम्ही म्हणालो, “चौदा-एक वर्षांची.” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “नातीला घेऊन येते.”

मंडई आणि केळकरांचे घरगुती सामान

पुढे मंडईकडे चालत जावे. ही दगडी अष्टकोनी इमारत १८८६ साली उघडली तेव्हा तिचे नाव एका गव्हर्नराच्या नावावरून रे मार्केट असे होते. जोतिराव पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना या इमारतीवर एवढा पैसा उधळण्यास त्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे. आज तीच इमारत महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. इतिहास असाही सूड घेतो! भाजीचे ढीग पाहून आपल्याला नवल वाटणार नाही, पण भाव मात्र विचारून यावेत. आपल्या बांधावर काय दर मिळतो आणि येथे काय लागतो, हे वहीत शेजारी-शेजारी लिहिले की पुष्कळ अर्थशास्त्र कळते. जवळच सावली पाहून आम्ही भाकरी सोडली.

मंडईपासून बाजीराव रस्त्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय हाकेच्या अंतरावर आहे. दिनकर केळकर या गृहस्थांनी गावोगाव फिरून जुन्या वस्तू जमविल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हा संग्रह उभा केला. पुढे तो त्यांनी सरकारला देऊन टाकला. वीस हजारांवर वस्तू आहेत. तलवारी-ढाली असतातच, पण येथली खरी श्रीमंती दिवे, अडकित्ते, कुलपे, पोळपाट-लाटणी, दौती आणि खेळणी यांत आहे. माणसाच्या रोजच्या हाताळण्यातल्या वस्तूंना कोणी इतका मान दिलेला आम्ही पाहिला नव्हता. त्या वस्तू घडविणाऱ्या तांबटाचे, सुताराचे, कुंभाराचे नाव मात्र बहुधा पाटीवर नसते. आपण ते मनातल्या मनात लिहावे.

त्याच दुपारी एका पाहण्याजोग्या ठिकाणी, नाव सांगत नाही, दारावरच्या माणसाने आमची पिशवी पाहून हटकले, “माल मागच्या दारानं.” आम्ही म्हणालो, “माल नाही, तिकीट काढायचंय.” तो गडबडला आणि बाजूला झाला. त्याच्यावर आम्हाला राग नाही. तो आपल्याच घरातला कष्टकरी मुलगा असेल. आपल्यासारखा माणूस तिकीट काढायला येतो, हे त्याने फारसे पाहिलेले नाही, एवढेच. आपण जात राहिलो की तोही शिकेल.

दोन वाडे

तेथून बुधवार पेठेत दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर यावे. समोर भिडे वाडा होता. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतिरावांनी मुलींची शाळा येथे सुरू केली. शाळेत जाता-येता सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला जाई, म्हणून त्या बदलायला एक जादा लुगडे जवळ ठेवीत, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. जुना वाडा मोडकळीस आला होता. पुष्कळ वर्षांच्या कोर्टकचेरीनंतर डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडण्यात आला आणि जागा राष्ट्रीय स्मारकासाठी घेतली गेली. जुनी भिंत पाहायला मिळत नाही याची हळहळ वाटते. पण आमच्या मते भिंतीपेक्षा तो रस्ता पाहावा. हाच तो रस्ता, ज्यावरून एक बाई रोज चालत गेली. आमच्या एकट्या निघालेल्या भगिनीने येथे दोन मिनिटे उभे राहावे. गाव काय म्हणेल, या भीतीचे वजन येथे निम्मे होते.

दहा मिनिटांवर शनिवारवाडा. १७३० साली पाया घातला, १८२८ च्या आगीत आतली महालांची लाकडे जळून गेली. राहिले ते तट, बुरूज, जोती आणि खिळ्यांचा दिल्ली दरवाजा. तिकीट काढून आत जावे आणि तटावर चढावे. पेशवाईत याच शहरात आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागे, असे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये नमूद केले आहे. त्या शहरात, त्या दरवाजातून, आपण रोख तिकीट काढून, पायात चप्पल घालून, कोणाला वाट न देता शिरतो. कोणी घोषणा देत नाही, कोणी टाळ्या वाजवीत नाही. माणूस नुसता आत जातो. आम्हाला वाटते, ही फार मोठी गोष्ट आहे.

पुलावरून

संध्याकाळी शनिवारवाड्यामागच्या शिवाजी पुलावर गेलो. जुने लोक त्याला नवा पूल म्हणतात. खाली मुठा. पाणी थोडे, काळपट आणि वास मारणारे. गाड्यांच्या गर्दीत कोणी खाली पाहत नाही. वेल्ह्याच्या माणसाने मात्र पाहावे, कारण ही नदी आपल्या ओळखीची आहे. तालुक्याच्या उत्तर अंगाच्या अंबी आणि मोसे या नद्या मुठेला मिळतात. अंबीवर पानशेतचे धरण, मोसेवर वरसगावचे, खाली खडकवासला. पुण्याच्या नळाला येणारे बरेचसे पाणी या खोऱ्यांतले. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असतानाच पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले, आणि पाणी या पेठांत शिरले. पुण्यात आजही लोक ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ असे बोलतात. बेघर झालेल्यांसाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उठल्या.

पुराची आठवण पुण्याने जपली, ते योग्यच झाले. पण त्या धरणांच्या पोटात ज्यांची घरे आणि भातखाचरे कायमची गेली, ज्यांना दौंडच्या बाजूला जाऊन अनोळखी मातीत संसार मांडावा लागला, त्यांची आठवण किती पुणेकरांना आहे? आपल्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर उन्हाळ्यात बाया अजून हंडा घेऊन चालतात. मग या शहरात पाय ठेवताना आपण संकोच का करावा? ज्याच्या घरचे पाणी हे शहर पिते, तो येथे उपरा कसा?

फडके हौदाजवळ कसबा पेठेचे भुयारी मेट्रो स्थानक आहे. तेथून स्वारगेटपर्यंतचा मार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. सरकते जिने पाहून भिऊ नये, बाजूला साधा जिना असतोच. मंडई, मग स्वारगेट. सकाळपासून जे अंतर पायांनी कापले ते काही मिनिटांत मागे पडले. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून स्टँडवर बसून वहीत दिवसाचा खर्च लिहिला. पाचशेतून उरलेल्या पैशांत घरी मुलांसाठी एक पुस्तक घेतले.

राहिलेले पुणे

एका दिवसात सगळे पाहण्याची हाव धरू नये. सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय आहे. १९९६ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात बाबासाहेबांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू, त्यांचे व्हायोलिन आणि भारतरत्नाचे पदक आहे. त्याला स्वतंत्र दिवस द्यावा. देहूरोडचा विहार, जेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, हाही वेगळा दिवस. मुलांना घेऊन जायचे तर कात्रजचे प्राणिसंग्रहालय, मात्र ते बुधवारी बंद असते.

आमची सूचना एवढीच की, वर्षातून एक दिवस प्रत्येकाने असा काढावा. घरात आधी आईने काढावा, कारण तिची पाळी नेहमी शेवटी येते. त्या दिवशी चूल घरातल्या बाकीच्यांनी सांभाळावी. परत आल्यावर काय पाहिले ते जेवताना सांगावे, आणि जमल्यास पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर पाच मिनिटे उभे राहून सांगावे. ऐकणाऱ्यांपैकी एकाने जरी पुढच्या महिन्यात वेल्ह्याच्या स्टँडवर उभे राहून कामाविना स्वारगेटचे तिकीट मागितले, तरी तुमचा खर्च वसूल झाला असे समजावे.